मोज्याची आजी

१ नोव्हेंबर, सकाळी ७
नवी वही. नवं पर्व.
मुलाकडे येऊन दोन दिवस झाले. नात या महिन्याच्या २९ला पाच वर्षांची होईल. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण जे सापडेल ते उचलून घेऊन जाते. तिच्या पाळणाघराच्या बाई काम सोडून गेल्या म्हणून मुलाचा फोन आला होता. आई, महिनाभर येशील का, पुढचं मुंगीच्या वाढदिवसानंतर बघू, म्हणाला. 'पुढचं बघू' म्हणजे काय हे आईला कळतं. मी कायमची आले आहे. त्यांना सांगायचं तेवढं बाकी आहे.
निघताना आरामखुर्ची शेजारणीला देऊन टाकली. ती म्हणाली, अहो, महिन्याने परत आलात म्हणजे? मी नुसती हसले.
संकल्प: सूनबाईच्या संसारात लक्ष घालायचं नाही. मुंगीला स्क्रीन नाही. विकतचं खेळणं नाही. सगळं घरी, हाताने.

तोच दिवस, संध्याकाळी
स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. सूनबाईला साखर सापडेना. हे लक्ष घालणं नव्हे. उंची म्हणजे उंची.

४ नोव्हेंबर
आज साबणाचे फुगे. लहानपणी आम्ही पपईच्या देठातून काढायचो, गच्चीवर, शाळेचा निळा फ्रॉक ओला होईपर्यंत. इथे स्ट्रॉ वापरली. साध्या साबणाने जमेना म्हणून बाथरूममधली छोटी बाटली घेतली. फुगे काय आले! मुंगी वेडी झाली.
बाटली सूनबाईच्या केसांच्या औषधाची निघाली. डॉक्टरने दिलेली, दोन महिने पुरवायची होती. माझ्या लक्षात येणार कसं, नाव किती बारीक छापतात.
संध्याकाळी मुलगा ऑफिसमधून आला आणि बूट काढता काढता घसरला. मनगट मुरगळलं, क्रेप बँडेज. बघून चालायची सवय त्याला पहिल्यापासून नाही. सूनबाई गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. मी म्हटलं, राहू दे गं, दमली असशील. ती म्हणाली, नाही आई, मी रोज याच वेळी फरशी पुसते. टोमणा नसावा.

७ नोव्हेंबर
बिस्किटं केली. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची रेसिपी, पन्नास वर्षांत विसरले नाही. फक्त लोणी किती ते विसरले. जरा भरीव झाली. मुंगीने दोन घेऊन टेबलावर ढोल वाजवला. म्हणजे खाऊही झाला आणि खेळणंही. विकतच्या बिस्किटाला हे जमेल?
मुलाने एक चहात बुडवलं. चहा संपला, बिस्किट तसंच होतं. म्हणाला, आई, आठवण म्हणून ठेवतो.

९ नोव्हेंबर
भिंतीवर हाताच्या सावल्या. ससा झाला, हरीण झालं. लांडगा इतका उत्तम झाला की मुंगी किंचाळली. आई-बाबांच्या मध्ये झोपली, आणि गादी ओली केली. मी म्हटलं, संध्याकाळी ज्यूस कुणी दिला? ज्यूस मीच दिला होता हे नंतर आठवलं. पण प्रश्न योग्यच होता.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
दुपारी दोन ते चार मुंगीला माझा मोबाइल देते. हा स्क्रीन टाइम नव्हे. त्यात प्राणी असतात. मला पडायला हवं, नाहीतर संध्याकाळी नवं काही सुचत नाही. कुणाला सांगायचं नाही असं मुंगीला बजावलं आहे. शहाणी आहे.
पडण्याआधी घरच्या फोनवरून धाकट्या बहिणीशी अर्धा तास बोलते. मन मोकळं करायला माणसाला कुणीतरी हवं. सुनेबद्दल बोलते असं नाही, घरातलं जे आहे ते सांगते. मुंगी शेजारी लोळत असते. तिला काय कळतंय.

१५ नोव्हेंबर
मोठी कल्पना! बाहुल्यांचा खेळ. वाढदिवसाला पाहुण्यांसमोर मी आणि मुंगी. हातात घालायच्या बाहुल्या घरीच शिवायच्या.
कापड शोधलं. मुलाच्या कपाटात राखाडी लोकरी मोज्यांची एक जोडी मिळाली, जाड, मऊ, अगदी बाहुलीचं अंग. एका मोज्याची आजी केली. दुसऱ्याची मम्मा. आजीला माझ्या जुन्या कोटाची मोत्याची बटणं डोळे म्हणून लावली. मम्माला साधी. मम्माचं तोंड जरा मोठं झालं. मोजाच तसा होता.
सिस्टर म्हणायच्या, टाका असा घाला की कापड उलटं केलं तरी लाज वाटू नये. मी आयुष्यभर तसाच घालत आले.

१८ नोव्हेंबर
सकाळी घरात आरडाओरडा. मुलाला राखाडी मोजे सापडेनात. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सूनबाईने दिलेले, म्हणे. त्याने तिला विचारलं, तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, धुवायला तूच टाकतेस. ती म्हणाली, तुझे पाय तुझ्याकडेच असतात ना? दोघं न बोलता बाहेर पडली.
मी मध्ये पडले नाही. एवढंच म्हटलं की आमच्या वेळी नवऱ्याचे मोजे कुठे आहेत ते बायकोला झोपेतही ठाऊक असायचं.
सरप्राइज असल्यामुळे खरं सांगता येत नाही.

२२ नोव्हेंबर
स्क्रिप्ट तयार. थोडक्यात कथा: आजी गावाला निघते. घरात हाहाकार. दूध उतू जातं, बाबा पडतो, मम्माला काही सापडत नाही. आजी परत येते, सगळं सुरळीत. शेवटी मम्मा बाहुली आजी बाहुलीला म्हणते, आजी, तू कायमची इथेच राहा ना.
हे वाक्य मुंगी म्हणेल. पाच वर्षांच्या लेकराने, केक समोर असताना, पाहुण्यांदेखत असं म्हटल्यावर कोणत्या आईबापाच्या तोंडून नाही निघेल? यात डावपेच नाहीत. मुलाच्या मनातलं बाहेर यायला जरा मदत, इतकंच.
वाक्य मुंगीच्या मनात नव्हतं. चॉकलेटवर शिकवलं. एका वेळेला एक चॉकलेट.

२६ नोव्हेंबर
तालीम. मुंगीला मम्मा व्हायचंच नाही. आजी मी होणार म्हणून हटून बसली. मला गहिवरून आलं. म्हटलं, बरं बाई, दोन्ही हात तुझे. डाव्यात मम्मा, उजव्यात आजी. मी पडद्यामागून सांगत जाईन.
आजी बाहुली ती फार झोकात चालवते. मान तिरकी करून च् च् करते. हे कुठून उचललं देव जाणे.

२८ नोव्हेंबर
सूनबाई दारामागे मुलाला म्हणत होती, वाढदिवस होऊ दे, मग ठरवू, त्या प्रेमाने करतात रे, मला दिसतं. ऐकायला गेले नव्हते. पाणी प्यायला गेले होते.
म्हणजे झालंच! शेजारणीला लगेच फोन केला. किल्ली तिच्याकडे आहे. म्हटलं, पलंगही न्या. ती म्हणाली, अहो, नक्की ना? म्हटलं, मी एकदा दिलेलं परत मागत नाही.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
खेळ झाला. सविस्तर लिहून ठेवते.
अकरा मुलं, त्यांचे आईबाप, सूनबाईची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि सूनबाईच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम. या महिन्यात सूनबाईचं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे. दोन खुर्च्यांवर चादर टाकून रंगमंच केला. मागे मी आणि मुंगी.
सुरुवात छान झाली. आजी बाहुली वर आली, टाळ्या पडल्या. मी कुजबुजले, म्हण, मी गावाला चालले. मुंगीने मोत्याच्या डोळ्यांची मान तिरकी केली, च् च् केलं, आणि मम्मा बाहुली फोनसारखी आजीच्या कानाला लावली.
मग म्हणाली, हॅलो धाकटे, बोल गं, आत्ताच गेली बया ऑफिसला.
मी म्हटलं, मुंगे, गावाला, गावाला. पण तिची तंद्री लागली होती. म्हणाली, दमते कसली गं, खुर्चीत बसून बोटं चालवायची नि घरी येऊन कपाळ दाबायचं. माझा पोरगा? तो कसला बोलतोय, ताटाखालचं मांजर ते. आणि तिची आई! गोड बोलून गळा कापावा तर तिने. परवा येऊन माझ्या बिस्किटांना हसून गेली. नि ती ऑफिसातली मॅडम, स्वतःचा नवरा टिकला नाही, आता हिला रात्री आठ आठपर्यंत बसवून हिचाही घालवणार. मी तोंड उघडत नाही बाई. मी कशातच लक्ष घालत नाही.
खोकलासुद्धा माझाच काढला. बारकाईने.
मुलं हसत होती. मोठी माणसं भारावून गप्प होती. विहीणबाईंचा हात केकच्या बशीवर तसाच राहिला. चादरीच्या फटीतून मॅडम दिसल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.
एवढ्यात मुंगीला काहीतरी आठवलं. डावा हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, आजी, तू कायमची इथेच राहा ना.
एक अक्षर चुकलं नाही. मग बाहुलीसकट हात माझ्यापुढे करून म्हणाली, आता चॉकलेट दे.
दिलं. शब्द म्हणजे शब्द.
मॅडम केक न खाता गेल्या. बहुधा डाएट असावं.

३० नोव्हेंबर
घरात फार शांतता. सगळे अतिशय अदबीने बोलतात. सूनबाईने मला चहा हातात आणून दिला. म्हणाली, आई, साखर बघून घ्या, डबा उंचीप्रमाणे ठेवलाय.
मी मुलाला म्हटलं, पोरीची स्मरणशक्ती जबरदस्त आहे. तो म्हणाला, हो आई, तेच आम्हाला कळलं.

२ डिसेंबर
मुलगा अजून माझ्या बाजूने आहे. काल संध्याकाळी सूनबाईला म्हणाला, चूक झाली तिची, पण मुंगीला लळा लागलाय. सूनबाईने मुंगीच्या फ्रॉकची घडी घातली. मग म्हणाली, ठीक आहे, मुंगीलाच विचारू. माझ्यासमोर विचारलं. मी निर्धास्त होते.
बाबाने विचारलं, आजी इथेच राहिली तर तुला आवडेल?
मुंगी लगेच हो म्हणाली! माझे डोळे भरून आले. बाबाने विचारलं, का गं?
ती म्हणाली, आजी झोपली की मला मोबाइल मिळतो. दोन तास. पण मी ते तुम्हाला सांगायचं नसतं.
सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.
नवं पाळणाघर सोमवारपासून. पण मुंगी हो म्हणाली, हे या वहीत नोंदवून ठेवते. विचारल्याबरोबर म्हणाली.

५ डिसेंबर
निघाले. मीच म्हटलं, माझंही घर आहे, किती दिवस बंद ठेवणार. कुणी आग्रह केला नाही, म्हणजे माझ्या निर्णयाचा मान राखला.
दारात मुंगी धावत आली. मला वाटलं, बिलगायला. तिने आजी बाहुली माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, ही तुझी. मम्मा मी ठेवली.
मुलगा बसपर्यंत सोडायला आला. पिशवी वर ठेवताना बाहुली बाहेर डोकावली. त्याने ती ओढून काढली, उलटी केली, आतला कंपनीचा शिक्का वाचला. आई, हा माझा मोजा, म्हणाला. मी म्हटलं, सरप्राइज होतं. तो म्हणाला, मी या मोज्यांवरून तिला काय काय बोललो, तू तिथेच उभी होतीस ना? मी म्हटलं, मी तुमच्यात लक्ष घालत नाही.
त्याने मोजा परत सुलटा केला, मोत्याचे डोळे वर येतील असा पिशवीत नीट ठेवला, आणि बस सुटायच्या आधीच गेला. ऑफिस असतं त्याला.

८ डिसेंबर
शेजारणीकडे जाऊन बसले. माझ्याच आरामखुर्चीत. ती म्हणाली, जरा बेतानं हं, आमच्या खुर्चीचा एक पाय लुळा आहे.
पलंगाचा विषय मी काढला नाही. एकदा दिलेलं मागायचं नाही. तिच्या पोराने पाय पसरून त्यावर अभ्यास चालवला होता. तसं जमिनीवर झोपणं पाठीला चांगलं.

१० डिसेंबर
धाकटीला फोन केला. उचलला नाही. विहीणबाईंनी तिलाही सगळं सांगितलं, आणि तिच्या सुनेलाही. आता धाकटीच्या घरी तिची सून विचारते, तुम्ही फोनवर माझं काय सांगता? लोकांना फार वेळ असतो.

१४ डिसेंबर, दुपारी २
मुंगीचा व्हिडिओ कॉल. पाळणाघरात आज तिने हाताच्या सावलीचा लांडगा करून दाखवला, सगळी पोरं रडली, म्हणाली. शाबास म्हटलं. मग तिने विचारलं, आजी, तू आता कुणाला चॉकलेट देतेस? मी सांगायच्या आत फोन कुणीतरी घेतला.
दोन ते चार अजून झोप लागते, पण फोन करायला कुणी नाही. बाहुली काढली. हातात घातली. वाक्य म्हणून पाहिलं, आजी, तू कायमची इथेच राहा ना. मुंगी फार चांगलं म्हणायची.
फरशी गार आहे. बाहुली हातातून काढून पायात घातली. ऊब येते, पण एक डोळा बरोबर टाचेखाली येतो आणि टोचतो. उसवायला घेतला तर निघेना. टाका पक्का आहे.
दुसरा पाय मांडीखाली घेतला.