नाक्यावर उतरलेली आई

नाशिक,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सोमादादा,

जोहार. आई पोचली, खुशाल आहे. वहिनीने दिलेलं नागलीचं पीठ मिळालं. गुरुवारी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात आहे. मग महिनाभर ती माझ्या खोलीवर राहणार, असं आपलं ठरलं होतं.

होतं. फोनवर बोलता येत नाही, आई शेजारीच बसलेली असते. म्हणून लिहिते.

मी तिला म्हणाले होते, स्टँडवर उतर आणि फोन कर. ती उतरली पेठ नाक्यावर. इतकी वर्षं द्राक्षाच्या कामाला आली, तिचं नाशिक म्हणजे नाका, मुकादमाची गाडी आणि बाग. बाकीचं शहर तिने गाडीतून पाहिलंय. "नाक्यावर बसलं का कोण इचारत नाय, इथं का बसली म्हणून," म्हणते.

तिथे एक गाडी थांबली. गवत काढायला बाई हवी होती. गाडीतल्या माणसाने नेमकं माझ्याच कॉलनीचं नाव घेतलं. आईला वाटलं, रिक्षा वाचली. लेक संध्याकाळी येणार, तोवर हात रिकामे कशाला? बसली गाडीत.

ड्युटीवरून आले तर आमच्याच घरमालकाच्या अंगणात आई उकिडवी बसून गवत उपटत होती. तिची पिशवी फाटकाबाहेर ठेवायला लावलेली. मी "आई!" म्हणून ओरडले तशा मालकीणबाई, मंजुषाताई, बाहेर आल्या. "अगं बाई, तुझी आई? तू तर तशी वाटत नाहीस!" हे कौतुक बरं का! वर म्हणतात, "नाक्यावर बसली होती, आम्हाला काय माहीत? तिथे बसायचंच कशाला?" त्यांच्या नाशकात नाका म्हणजे रोजावर कामाला बाया मिळायचं ठिकाण. मेथीची जुडी उचलावी तशी बाई उचलायची.

आणि लगेच आवाज मऊ करून, "कुंपणाकडची कड तेवढी राहिलीय. घेतील का त्या काढून?" आईला अहो-जाहो सुरू झालं, पण गवत काही सुटलं नाही. दादा, मला त्या मऊ आवाजाची किळस आली. रोज पू भरलेल्या जखमा धुते मी, कधी असं झालं नाही.

आणि आईने ती कड काढली. अर्धं काम टाकू नये म्हणाली. तिचाही राग आला मला.

सामान बांधायला घेतलंय. त्या बाईने वर पाठवलेला शिरा तसाच कचऱ्यात टाकला. पण खोलीचं सोड, दुसरी मिळेल. आई ऑपरेशनला नाही म्हणतेय. जेवताना म्हणाली, "डोळं बरं करून हेच बघायचं का गं?" मी तिला भात वाढला.

तू बुधवारच्या आत ये. तुझं ती ऐकते. स्टँडवरच उतर, असं लिहिणार होते. नाही लिहीत. नाक्यावर उतरणार असशील तर मी तिथेच येईन, आणि तू येईपर्यंत तिथे बसेन.

अक्काबाईची लेक,
रोशनी