तीन दिवसांचं पाणी

अर्जुनी मोरगाव,
१२ जानेवारी २०२५

चैतरामभाऊंना उमेंद्र कटरे मास्तरचा नमस्कार.

तुमची आणि कुंतावहिनींची तब्येत बरी असेल, असं लिहायची रीत आहे. पोर जाऊन पाच आठवडे झालेल्या घरात कसली आली तब्येत! तरी लिहितो. हैदराबादला काम मिळालं, हे तुमच्या शेजारच्या रामलालकडून कळलं. इकडे थंडी भारी आहे. सातवीची हजेरी घेताना तुमच्या गुंजनचं नाव अजून माझ्या तोंडातून जातं.

तुमच्या आई, देवकाबाई, एकट्याच असतात. जाताना तुम्ही त्यांना बोललात ते सगळ्या टोल्याने, अख्ख्या वस्तीने ऐकलं : "माह्या पोरीले तूच मारलीस. आता तुह्या मयतालेही येत नाही मी." तेव्हापासून त्यांच्या हातचं कोणी पाणीसुद्धा घेत नाही. त्या जंगलातून भाजी घेऊन निघाल्या की बाया आपली पोरं दारातून आत ओढतात.

आता मूळ गोष्टीवर येतो. चार वेळा कागद फाडला आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी मी 'आदिमानव काय खात होता' हा विषय घेतला होता. फळं, किडे, वाघाने टाकलेलं मांस, मग कंद, मग आग. गुंजन सगळ्यांत हुशार, म्हणून कंदांचा भाग तिच्याकडे दिला. ती आजीची खणायची काठी आणि जंगलातला एक विषारी कंद, कडूकांदा, घेऊन आली. आजीचा निरोपही आणला : चकत्या करायच्या, राख लावायची, टोपलीत घालून तीन दिवस वाहत्या नाल्यात ठेवायच्या, मगच शिजवायच्या.

मी हसलो. म्हणालो, "आदिमानवाकडे टोपली होती का गं? आगीत टाकला की विष जळतं." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, आणि मास्तरच्या डोक्यात असतं ते खरंच असतं, असं मला वाटायचं.

शनिवारी शाळेमागे आम्ही तालीम केली. बाकीची पोरं खिचडी खायला गेली होती. कांदा भाजला. मीच तिला म्हणालो, खाऊन दाखव, म्हणजे परीक्षकांसमोर घाबरणार नाहीस. तिने घास घेतला. "कडू लागून राहिला, सर." मी म्हणालो, "आदिमानव तोंड वाकडं करत नव्हता." ती हसली आणि उरलेला संपवला. मी स्वतः एक तुकडाही तोंडात घातला नाही.

त्या संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? देवकाबाई म्हणाल्या, "कांदा माह्याच घरचा." तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी दाराशी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. भित्रा निघालो, भाऊ.

आपल्या पूर्वजांना हे तीन दिवसांचं पाणी कसं सापडलं असेल, हाच विचार आता येतो. कोणाकोणाची पोरं गेली असतील, तेव्हा कुठे कळलं असेल. ते कळलेलं पिढ्यानपिढ्या चालत देवकाबाईंपर्यंत आलं होतं. मी ते थट्टेवारी नेलं.

परवा त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या धान पाखडत होत्या, थांबल्या नाहीत. "मले मालूम आहे, मास्तर. पोरीनं दवाखान्यातच सांगतलन मले."

मी विचारलं, मग बोलल्या काऊन नाही?

"तुमी गेले तं दुसरा मास्तर येते का इथं? दोन वर्सं कुलूप होतं शाळेले." मग त्यांचा हात थांबला. "गावाले नोका सांगू. पण माह्या चैतरामले सांगा."

मी त्यांचं अर्धंच ऐकतो आहे. तुम्हाला हे पत्र. आणि उद्या सकाळी आधी गावासमोर बोलतो, मग ठाण्यात जाऊन जबाब देतो. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मला माफ करू नका, मी ते मागतही नाही. पण आईकडे या. त्यांनी तुमच्या लेकीला मारलं नाही. जगायचं कसं, ते त्यांनी तिच्याजवळ सांगून पाठवलं होतं.

गुंजनने आजीऐवजी ज्याचं ऐकलं, तो
उमेंद्र कटरे