चौथं बोट

प्रिय धाकट्या,

ख्यालीखुशाली विचारत नाही. फोनवर तू मध्येच तोंड घालतोस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

परवा तुझ्या घरी आले तेव्हा तुझी लेक पियानोवर बसली होती. तिची बाकीची बोटं तू स्वतःच्या पंजानं पट्ट्यांवर दाबून धरली होतीस आणि करंगळीशेजारचं चौथं बोट तेवढं तिनं उंच उचलायचं होतं. "अजून वर! आळशी आहे ते बोट!" शब्द बाबांचे, आवाजसुद्धा बाबांचा. तुला बरं आठवतं रे! माझी बोटं अशी दाबली जायची तेव्हा तू बाहेर सायकलवर उंडारत असायचास.

माझं पुढं काय झालं, ते कधी विचारलंस? पियानोच्या परीक्षेच्या तोंडावर मनगट सुजून टम्म झालं, वेणी घालता येईना. बाबा म्हणाले, "नाटकं आहेत." आई मुकाट्यानं शेक देत राहिली. परीक्षेत हात अर्ध्यावर आखडला आणि मी उठून बाहेर आले. पुढं दोन वर्षं पियानोचं झाकण उघडलं नाही. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे बोट शेजारच्या बोटांशी आतून बांधलेलंच असतं; ते एकटं फारसं उचललं जात नाही, त्यात त्याचा दोष नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी माझ्याच बोटाला शिव्या घालत होते!

पाची बोटं सारखी नसतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वाजवणं सारखं व्हावं लागतं, बोटं नाही. हात सैल ठेवायचा, ज्या बोटाची पाळी त्याच्यामागं मनगट जरासं न्यायचं, हळू वाजवायचं आणि कान उघडे ठेवायचे. अंगठा दांडगट, त्याला आवरायचं. चौथ्याला हाताचा आधार द्यायचा. माझ्याकडची पोरं असंच शिकतात, आणि हसत शिकतात. तू म्हणशील, "ताई, त्या शिस्तीमुळंच तू आज वाजवतेस." नाही रे राजा. त्या शिस्तीतून जगले-वाचले, म्हणून वाजवते.

आता खरं कारण. परवा मी सहज आले नव्हते, वहिनीनं बोलावलं होतं. पोरीला जेवताना चमचा धरता येत नाही आणि तू म्हणतोस, सवय होईल. आज शाळेतून तिला वहिनीनं माझ्याकडे आणून सोडलंय. उद्या आम्ही दोघी तिला डॉक्टरांकडे नेणार. तुला न विचारता हे केलं, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. कारण मघाशी दूध पिताना ती मला म्हणाली, "आत्या, चौथं बोट कापून टाकलं तर बाबा रागावणार नाही ना?" तिला काय उत्तर द्यायचं, ते तू येऊन दे.

संतापलेली, तरी तुझीच,
ताई