झगा नंबर एकशे चौदा

३ मार्च, सोमवार. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या सुरुवातीचं नंतर काही सापडत नाही, लोकांची पंचाईत होते. माझ्या बाबतीत नको.
लाँड्रीच्या मालकाने काल इस्त्रीच्या टेबलावर थाप मारून सांगितलं, आपले महापौर याच टेबलावर इस्त्री करायचे. सातवीतून शाळा सोडली, घर सोडलं, इथे तीन वर्षं घाम गाळला, मग नगरसेवक, मग महापौर. मीही सातवीच. घरही सोडलेलं. म्हणजे निम्मं काम झालं.
संकल्प: पाचला उठणे. भाषणाचा सराव. दर रविवारी आईला फोन. महापौर न चुकता करायचे म्हणे.

५ मार्च.
उठलो साडेआठला. एका शर्टाची बाही जाळली. मालक खवळला. विचारलं, महापौरांनी कधी जाळली होती का? म्हणाला, हो बाबा, एकदा, आता गप कामाला लाग. म्हणजे गाडी रुळावर आहे.

९ मार्च, रविवार.
फोन राहिला. आईनेच केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस तारखेला. म्हणाली, पट्टी काढतील तेव्हा तू समोर हवास रे, बाकी काही नको. दोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, आणि आता सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. येतो म्हटलं. शपथ घेतली. आवाज छान लागला. शपथविधीला उपयोगी पडेल.

११ मार्च. दुपारी.
महापौरांचा समारंभाचा झगा आलाय. लाल, काठाला सोनेरी पट्टी. सकाळभर मीच इस्त्री केली. मालक जेवायला गेल्यावर अंगात घालून बघितला. घडी बसते का ते कळायला नको? फोटो काढला. ताईच्या फोनवर आईसाठी पाठवला. खाली लिहिलं, नवीन नोकरी, महापौरांच्या ऑफिसात. तसं ऑफिस रस्त्यापलीकडेच आहे. चाळीस पावलं. चाळीस पावलांचं खोटं म्हणजे खोटं नव्हे.

१२ मार्च.
आईने फोन डोळ्याला चिकटवून पाहिला. लाल दिसलं, सोनेरी दिसलं. गल्लीभर दाखवून आली. रडली म्हणे.  ताई म्हणाली, काय साहेब, आईच्या डोळ्यासाठी वेळ आहे ना? टोमणे मारायची तिची जुनी खोड.
 

१५ मार्च.
सुट्टी मागायला मालकाकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा नव्हतं, तर मला सुचेना.
खरं सांगायचं तर, आणि हे या वहीतच राहू दे, घरी गेलो की गल्ली ऑफिसचं विचारणार. झगा काही बरोबर नेता येत नाही.

१७ मार्च.
ताईला कळवलं, वीसला महापौरांबरोबर मीटिंग आहे, जमणार नाही. अगदीच थाप नाही. वीसला त्यांचा झगा जायचाय. ताई म्हणाली, बरं. एवढंच. तिच्या त्या ‘बरं’पेक्षा शिवी परवडली.
नगरसेवक झालो की आईचे दोन्ही डोळे मोठ्या दवाखान्यात पुन्हा करून देऊ. ठरलं.

१८ मार्च.
आईचा फोन आला. इस्त्री गरम होती म्हणून घेतला नाही. संध्याकाळी इस्त्री गार झाली. तेव्हाही केला नाही.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी सहा.
झगा न्यायला माणूस येणार होता. खुद्द महापौर आले, चालत! म्हटलं, साहेब, तुमचं टेबल तसंच ठेवलंय. म्हणाले, कुठलं टेबल? त्यांचे वडील गणिताचे मास्तर. स्वतः वीस वर्षं वकिली केलेले. इस्त्री अजून येत नाही, बायको हसते म्हणाले.
मग विचारलं, घरी कोण असतं? आई, म्हटलं. बरी आहे ना? म्हटलं, आज डोळ्याचं ऑपरेशन झालं. म्हणाले, मग तुम्ही इथे काय करताय? म्हटलं, तुमचा झगा.
मी झगा पुढे धरून उभा. बराच वेळ त्यांनी तो घेतलाच नाही.
ते गेल्यावर मालकाला जाब विचारला. कपड्यांवर पाणी शिंपडत म्हणाला, अरे, तसं सांगितलं की तुम्ही टिकता. तुझ्या आधीचा चार वर्षं टिकला. विचारलं, सुट्टी मागितली असती तर? म्हणाला, दिली असती की. आईच्या ऑपरेशनला कोण नाही म्हणतं, गाढवा?

२१ मार्च, शुक्रवार.
पट्टी निघाली. ताईने फोन लावून दिला. आई म्हणाली, लख्ख दिसतंय रे. भिंतीवरची मुंगी दिसली. ताईचे पांढरे केस दिसले. तू नव्हतास, म्हणून तुझा फोटो मागून घेतला.
 मग म्हणाली, झग्याच्या गळ्याला लाँड्रीची चिठ्ठी टाचलीय. एकशे चौदा नंबर. कुणाचा आहे रे?
 ताईने म्हणे ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी पाहिली होती.
आई म्हणाली, परत केलास ना? डाग नाही ना पाडलास? केला, डाग नाही, म्हटलं.
म्हणाली, इस्त्री मात्र छान केलीयस.
फोन ठेवून सुट्टी मागायला मालकाकडे गेलो. गिऱ्हाईक होतं. थांबलो.