तिसऱ्या माकडाचा शोध

तीर्थरूप मामांस,

सर्दीने बेजार भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार (वाकलं की नाक गळतं, म्हणून पत्रानेच). तुमची तब्येत विचारत नाही. विचारली की "मला उभ्या जन्मात सर्दी झाली नाही" हे पुराण पहिल्यापासून ऐकावं लागतं. मामींचे गुडघे कसे आहेत?

मी प्रयोगशाळेत काय करते, हे तुम्ही दर वेळी विचारता आणि उत्तर संपायच्या आत घोरू लागता. तर आता जागेपणी वाचा. माकडांच्या दोन जाती आहेत, चुलत भावंडांइतक्या जवळच्या. एकाच तापाने एक जात पटापट मरते, दुसरी मजेत शेपटी हलवत बसते. कारण जंतूंना ओळखून अडवणारी जनुकं दोघींत वेगळी आहेत. जंतू सोंगं बदलतात, म्हणून या पहारेकऱ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या बदलावं लागतं. बाकी शरीर होतं तसंच राहतं. हे सगळं मी माकडांच्या विष्ठेतून शोधते (शेजारी सांगताना आई एवढं गाळते).

गेल्या महिन्यात एका नमुन्यात असं जनुक निघालं, जे धड या जातीचं नाही, धड त्या जातीचं नाही. म्हणजे तिसरी जात! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी (पाठीमागे आम्ही त्यांना 'चिमटा' म्हणतो) चक्क स्वतः मला चहा आणून दिला. परिषदेत जाहीर करायचं ठरलं, नव्या माकडाला माझं नाव द्यायचं ठरलं, आणि आईने फोन करून करून सगळ्या गोतावळ्याचे कान किटवले. मीही हवेत होते. जगातल्या झाडून सगळ्या माकडांशी ते जनुक ताडून पाहिलं, कुणाशी जुळेना.

मग शेजारच्या टेबलावरच्या कुजक्या सहकाऱ्याने विचारलं, "माणसाशी ताडलंस का गं?"

नव्हतं ताडलं. माकडांच्या कामात माणूस कुणाला आठवतो? जुळलं. मग चिमटाबाईंनी सगळ्यांना ओळीने थुंकायला लावलं, आणि ते माकड मी निघाले. नमुन्याची नळी उघडताना शिंक आली होती आणि मास्क हनुवटीवर होता. चहा बंद झाला. माझी तर आता नोकरीच टांगणीला लागली आहे. बाई म्हणाल्या, "माणसातही हे जनुक विरळाच. घराण्यात कुठून आलं ते शोधलंस तर राहा, नाहीतर टेबल रिकामं कर." मामा, मला हे काम मनापासून आवडतं हो.

कळावे. लोभ असावा, पण जरा लांबून असावा.

तुमची भाची
(माकड क्रमांक तीन)

ता. क. बाबा थुंकून मोकळे झाले. त्यांच्यात ते जनुक नाही. "माकडपणा तुझ्या आईकडचाच," असं म्हणत ते घरभर हिंडताहेत. आई थुंकायला तयार नाही, कारण शेजाऱ्यांना तिने खरं सांगितलेलंच नाही, त्यांच्या लेखी नवं माकड अजून शाबूत आहे. आता भिस्त तुमच्यावर. सोबतच्या नळीत न लाजता थुंका आणि लगेच पाठवा.

ता. क. २. नळीचं झाकण लावताना मला पुन्हा शिंक आली. ही टाकून द्या, दुसरी पाठवते. नाहीतर मामा म्हणून परत मीच निघेन.