तळ्यावरचं गाऱ्हाणं

३ नोव्हें., रविवार
पोहून आले. पाणी गार, जरा गढूळ. केस पुसत हॉलवर आले तर अण्णा बसलेले. क्लबचे अध्यक्ष, म्हणजे चावी त्यांच्याकडे असते. म्हणाले, क्लबचा इतिहास आणि सोयी पानभर लिहून द्या, तुम्ही शाळेत शिकवलंत, तुम्हाला जमेल. कशाला, तर वेबसाइटला. आमच्या क्लबला वेबसाइट! पाच घरांचा क्लब, त्यातली अर्धी माणसं पुण्या-मुंबईला. हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून कोणी काही लिहायला सांगत नाही.

५ नोव्हें., मंगळवार
लिहायला बसले. इतिहास असा: पाच घरांची भातशेती या एका तळ्यावर. पाचही आजोबा दर उन्हाळ्यात गाळ काढायला जमायचे, काम उरकलं की पत्ते खेळत बसायचे. बसायला सावली हवी म्हणून चिऱ्यांचा हॉल बांधला. झाला क्लब. आता हे वेबसाइटला कसं शोभेल?
सोयी: कॅरम एक (सोंगट्या पुऱ्या नाहीत). बॅडमिंटनचं कोर्ट, एप्रिलात त्यावर काजू वाळत असतात. होड्या दोन, पैकी एकीत बसल्यास दुसऱ्याने पाणी उपसावं. सकाळी बायकांच्या पोहण्याची वेळ. तेव्हा पुरुषांनी काठावर फिरकायचं नाही. हा नियम माझ्या सासूबाईंनी भांडून करून घेतला. मी पोहायला इथेच शिकले, लग्नानंतर, लुगडं खोचून. हे गेल्यावर वर्षभर मी फक्त या पाण्यासाठी घराबाहेर पडत होते. ते काही लिहिलं नाही.

९ नोव्हें., शनिवार
कळलं वेबसाइट कोणाची ते. तळ्याकाठची जागा, हॉलसकट, एका रिसॉर्ट कंपनीला लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची आहे. मी लिहिलेलं पान त्यांच्या जाहिरातीसाठी! डोकं फिरलं. तडक अण्णांकडे. ते शांत. पोरं येत नाहीत, गाळ काढायला माणूस मिळत नाही, हॉलची कौलं गळतात. यातलं खोटं काहीच नाही, म्हणून जास्त राग आला. विचारलं, आम्ही पोहायचं कुठे? म्हणाले, त्यांच्या पूलमध्ये सभासदांना सवलत आहे.
सवलत!
माझ्याबरोबर पोहायला येणाऱ्या नलूचं घर आणि माझं घर विरोधात. अण्णा आणि बाकीची दोन बाजूने. तीन विरुद्ध दोन. दरवर्षी तळ्यावर देवाला गाऱ्हाणं घालतो, त्या दिवशी जेवणानंतर सह्या. म्हणजे झालंच.

१४ नोव्हें., गुरुवार
तुळशीचं लग्न काल झालं. रोज दुप्पट वेळ पोहते आहे, पुढे मिळणार नाही म्हणून. नलू म्हणते, पाणी काय साठवून ठेवता येतं अंगात? तिला बोलायला काय जातं, तिचं माहेर समुद्राकाठी.

१७ नोव्हें., रविवार
आज काय झालं ते नीट लिहिते.
तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी तळ्यावर गाऱ्हाणं असतं. अण्णा देवाला साकडं घालतात, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, मग पाण्यात नारळ, मग वडे-सागोतीचं जेवण. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही. मागे वडे तळत असतात, तोंड आपोआप होय म्हाराजा म्हणतं.
कंपनीचे दोघे आले होते, पांढऱ्या बुटांत. अण्णांनी हात जोडले, डोळे मिटले आणि वडिलांच्या चालीत सुरू केलं. पीक येऊ दे, होय म्हाराजा. पोराबाळांना सुख दे, होय म्हाराजा. आणि मग त्याच सुरात:
"ह्या तळा, ही जागा पाच घरांची आसा, ती पाच घरांकडेच रवांदे. कोण परको आडवो इलो तर तेका आल्या वाटेन परत धाड, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!" आम्ही सगळे. त्यांच्या बाजूची दोन्ही घरंसुद्धा. माझा आवाज बहुतेक सगळ्यात मोठा.
अण्णांनी डोळे उघडले. ही ओळ दरवर्षीच असते, आजोबांपासून. त्यांना पाठ, आम्हाला कानावरची. ती काय म्हणते ते आज पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकलं. नारळ त्यांच्या हातातच राहिला, शेवटी नलूच्या नवऱ्याने घेऊन सोडला. पांढऱ्या बुटांनी टाळ्या वाजवल्या. सागोती छान झाली होती, पण कोणी दुसऱ्यांदा घेतली नाही. सह्यांचे कागद बॅगेतून निघालेच नाहीत.

१८ नोव्हें., सोमवार
अण्णांच्या बाजूच्या दोन्ही घरांचे फोन येऊन गेले. देवासमोर तोंडाने बोललंय, आता सही करून घरावर काय ओढवून घ्यायचं? नको. नलू नाचायचीच बाकी. मला आनंद झाला. फार झाला. पाण्यात उताणी पडून एकटीच हसले.

२१ नोव्हें., गुरुवार
बाजारात अण्णांच्या बायकोची गाठ पडली. बोलता बोलता रडायलाच लागली. निखिल, त्यांचा मुलगा, पुण्यात हॉटेलात नोकरीला आहे. कंपनीने त्याला इथला मॅनेजर करायचं कबूल केलं होतं. तो बायको-मुलीला घेऊन गावी राहायला येणार होता. शाळेची चौकशीही करून झाली होती. अण्णांनी कोणाला सांगितलं नाही, स्वतःच्या पोरासाठी जागा घालवली असं कोणी म्हणेल म्हणून. आणि मी तेच म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.
रविवारपासून अण्णा धड जेवत नाहीत म्हणाली. मी मासे घ्यायचे विसरून घरी आले.

२२ नोव्हें., शुक्रवार
गेले नाही पोहायला. नलूला सर्दी म्हणून सांगितलं.

२४ नोव्हें., रविवार
संध्याकाळी अण्णा आले. आत या म्हटलं तर पडवीतच बसले. म्हणाले, उद्या रवळनाथाच्या देवळात देवाचा कौल घ्यायचं ठरवलंय. गुरव आधी गाऱ्हाणं घालणार, झाल्या बोलातून आम्हाला मोकळं कर म्हणून, मग देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवणार. उजवी आधी पडली तर शब्द सुटला आणि सह्या, डावी पडली तर विषय कायमचा बंद. पण पाचही घरांनी उभं राहिलं पाहिजे. चार येतात. नलूसुद्धा येते, देव डावीच देणार अशी तिची खात्री. माझ्या घरातर्फे आता मीच.
मी म्हटलं, अण्णा, मला तळं सोडवत नाही. एवढंच बोलता आलं.
मग म्हणाले, "वयनी, तुमका पोवाक खंय तरी पाणी गावतला. माका झील खंय गावतलो?"
रागाने नाही म्हणाले. मुलगा कुठून मिळणार, हे खरंच विचारलं.
चहा घेऊन गेले. येते म्हणून सांगितलंय. उद्या गुरव म्हणेल, आम्हाला मोकळं कर म्हाराजा, आणि सगळे माझ्याकडे बघतील. तेव्हा माझं तोंड उघडेल का, मला आत्ता तरी सांगता येत नाही.