पायरीवर बसलेल्या सात जणी

३ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
आपल्या ज्यू महिला मंडळाला चाळीस वर्षं झाली, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छापखान्यात लोकांची प्रुफं तपासण्यात हयात गेली, पण असा संताप कधी आला नव्हता. मंडळ तुझ्या सुटकेच्या लढ्यातून उभं राहिलं, हे माझं पहिलं प्रकरणच प्रार्थनालयाच्या कार्यवाहांनी उडवलं! त्या जागी काय, तर काही हौशी भगिनींनी शिवणवर्ग काढला आणि मंडळ जन्माला आलं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. भावोजी निघून गेले, आणि नवऱ्याने सोडचिठ्ठी हाती दिल्याशिवाय आपल्यात बाई सुटत नाही. अकरा वर्षं तू ना नवऱ्याची होतीस, ना मोकळी. कार्यवाह म्हणतात, घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? तू आजवर चकार शब्द काढला नाहीस, म्हणून विचारते. पुन्हा लिहू का?
लोभ आहेच, उत्तराला उशीर लावून तो ताणू नकोस.
तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
विचारतेस काय, लिही! आईच्या जिवाला लागेल म्हणून गप्प होते. ती गेल्यावर कुणी विचारलंच नाही. धर्मगुरूंनी मला दर खेपेला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं आणि नवऱ्याची समजूत घाल म्हणून परत पाठवलं. शेवटी आम्ही सात जणी बायकांच्या सज्जातून उतरून पुरुषांच्या दालनाच्या पायरीवर ठाण मांडून बसलो. त्याला बोलावणं धाडल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी बोलावणं गेलं, महिन्याभरात कागद हातात आला. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते गं. मला मूल हवं होतं. तेही लिही. आणि आमच्या तोंडावर दार आपटणारा तरणाबांड गडी कोण होता, ते तुझ्या कार्यवाहांनाच विचार.
जिवाला जप, पण भिऊ नकोस.
आक्का

१९ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
परवा सभेत तुझं पत्र मोठ्याने वाचलं. कार्यवाह म्हणाले, इतकं जुनं आठवत नाही. मग मागच्या रांगेतली एक परिचारिका उठली. पंचविशीची असेल. म्हणाली, तिचाही नवरा चार वर्षं सोडचिठ्ठी देत नाही आणि धर्मगुरू तिलाही समजूत घालायला सांगतात. आक्का, चाळीस वर्षांनी तेच वाक्य! लाज वाटली मला, मी इतिहास लिहीत बसले होते. पुस्तक आता थांबेल. सोमवारी सकाळी आम्ही तिच्याबरोबर त्याच पायरीवर जाऊन बसणार आहोत. दोन दिवसांत नावं आली बारा.
तुझ्या गुडघ्यांचं माहीत आहे, तरी तिने विचारलंय, आक्का येतील का?
माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
धाकटी